समुद्रापलीकडे गेलेलें देणें



कर्ज मागें ठेवून परदेशीं जाणारा मनुष्य ही अगदीं अलीकडची निपज आहे, असा पुष्कळांचा समज असतो. कोट्यवधी रुपये थकवून विलायतेस गेलेल्या धनिकांच्या वार्ता वृत्तपत्रांतून आपण वाचतों. अशांच्या मालमत्तेवर टाच आणण्यासाठीं २०१८ सालीं आपल्या देशांत एक स्वतंत्र कायदाही झाला. परंतु तो कायदा शंभर कोटी रुपयांच्या वरच्या प्रकरणांसाठीं आहे. त्या बड्या मंडळींचा विचार करावयास मोठे वकील समर्थ आहेत. आज मला बोलावयाचें आहे तें सामान्य घरांविषयीं. ज्या घरांतून कोणी एकजण समुद्र ओलांडून गेला, आणि ज्याचें खत मात्र गांवच्या पेटींत राहिलें, अशा घरांविषयीं.

या विषयाला आमच्या रत्नागिरी जिल्ह्याइतका जवळचा मुलूख दुसरा क्वचितच सांपडेल. येथील जमीन खडकाळ, भातशेती थोडी, आणि समुद्र मात्र दाराशीं. पोट भरण्यासाठीं बाहेर जाणें हा येथील कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्यांचा परिपाठ आहे. जाणाऱ्याचा इतिहास आपण थोडाबहुत लिहिला आहे. त्याच्या देण्याचा इतिहास मात्र लिहिलेला नाहीं. तो पाहूं लागलें म्हणजे एकच प्रश्न पुन्हां पुन्हां पुढें येतो : कर्जदार गेला, मग किनाऱ्यावर उरलेल्यांपैकीं त्याचें कर्ज कोणीं फेडावयाचें?

हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांना चांगला परिचित होता. याज्ञवल्क्यानें स्पष्ट सांगितलें आहे कीं, बाप मरण पावला, परदेशीं गेला किंवा मोठ्या संकटांत सांपडला, तर त्याचें कर्ज पुत्रानें व पौत्रानें फेडावें. मरण आणि परदेशगमन यांना त्यानें एकाच ओळींत बसविलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्या काळीं पत्र पोंचावयाला महिनेच्या महिने लागत, त्या काळीं परदेशीं गेलेला मनुष्य घराच्या दृष्टीनें जवळजवळ नसल्यासारखाच होता. विष्णुस्मृतींत याला एक सवलत आहे : परदेशीं गेलेल्याची वीस वर्षें वाट पाहावी आणि मग हें देणें पुत्रपौत्रांनीं द्यावें. म्हणजे पोराला मोठें व्हावयाला आणि बापाला परत यावयाला अवकाश मिळावा, एवढी माणुसकी त्या नियमांत होती.

शास्त्रकारांनीं आणखी दोन मर्यादा घातल्या. मद्यपान, द्यूत अशा कारणांनीं बापानें केलेलें कर्ज मुलावर येत नाहीं, ही पहिली. दुसरी स्त्रीविषयीं. पतीचें कर्ज पत्नीनें फेडण्याचें कारण नाहीं. मात्र जें तिनें स्वतः पत्करलें असेल, किंवा पतीच्या जोडीनें काढलें असेल, तें तिला द्यावें लागेल. ही दुसरी मर्यादा आपण लक्षांत ठेवावी. आपल्या बोलण्याच्या शेवटीं तिची गांठ पुन्हां पडणार आहे.

आतां कोंकणांत येऊं. येथील बहुसंख्य गांवांत खोती पद्धति होती. सरकारसारा भरण्याची जबाबदारी खोताची, आणि कुळानें पिकाचा ठरीव हिस्सा त्याच्या घरीं पोंचवावयाचा. अर्धेल म्हणजे निम्मा, तिर्धेल म्हणजे एक तृतीयांश. हिस्सा गेल्यावर उरलेलें भात होळीपर्यंत पुरलें तरी पुष्कळ. पावसाळ्याच्या तोंडीं कुळाला पोटासाठीं आणि बियाण्यासाठीं धान्य उसनें काढावें लागे, आणि तें वाढीदिढीनें परत करावें लागे. वाढीदिढी म्हणजे एक मण घेतलें तर सुगीला दीड मण द्यावयाचें. शाळेंत आम्हीं मुलांना सरळ व्याजाचीं उदाहरणें घालीत असूं. त्यांत व्याजाचा दर नेहमीं शेंकडा दरसाल असे. चार महिन्यांत पन्नास टक्के हा दर आमच्या अंकगणिताच्या पुस्तकांत कोठेंच नव्हता. तो शेजारच्या खळ्यांत होता.

हिंदूंच्या व्यवहारांत दामदुपटीचा नियम होता. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुदलापेक्षां अधिक होतां कामा नये, असा तो नियम. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींही तो मानला. परंतु त्याला पळवाट सोपी होती. जुनें खत फाडून मुद्दल व व्याज मिळून नवें खत लिहिलें, कीं व्याजाचेंच मुद्दल होई. अशा रीतीनें आजोबाचें भात नातवाच्या नांवावर रुपयांच्या रूपानें उभें राही.

या परिस्थितींत १८३४ साल उजाडलें. मॉरिशस बेटांत ऊंस पिकविणारे गोरे मळेवाले मजुरांच्या शोधांत होते, कारण १८३५ च्या आरंभीं तेथील गुलामगिरी बंद व्हावयाची होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं कलकत्त्याहून निघालेलें ‘ॲटलस’ नांवाचें जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलें. तेथून पुढें कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून मजूर जात राहिले. शतक संपून नवें उजाडेपर्यंत त्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरांत गेली. मुंबईहून जाणाऱ्यांचा वाटा लहान होता. पण मॉरिशसचा मराठी समाज मुख्यतः त्यांच्यापासूनच उत्पन्न झाला, आणि त्यांत कोंकणची माणसें पुष्कळ होतीं. आमच्याकडील जाखडीसारखें नृत्य तेथें ‘झाकरी’ या नांवानें आजही नाचलें जातें. जेथें हे लोक जहाजांतून उतरले, तो आप्रवासी घाट २००६ सालीं जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झाला.

या मजुरांच्या कराराची रचना पाहण्यासारखी आहे. आरंभींच्या वर्षांत पांच वर्षांची बांधिलकी, महिना पांच रुपये पगार, अन्नवस्त्र निराळें. निघण्यापूर्वीं कांहीं महिन्यांचा पगार उचल म्हणून हातांत पडे. ही उचल बहुधा घरच्यांच्या हातीं किंवा घेणेकऱ्याच्या हातीं जात असली पाहिजे, कारण जहाजावर चढणाऱ्याला तिचा कांहींच उपयोग नव्हता. पुढें मळ्यांत ती उचल पगारांतून वळती होई. परतीच्या प्रवासासाठीं दरमहा एक रुपया कापून ठेवला जाई. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार बुडे. म्हणजे गांवच्या कर्जांतून सुटण्यासाठीं जो गेला, तो मळ्याच्या कर्जांत पाय ठेवूनच उतरला. जे गेले त्यांपैकीं सुमारे एक तृतीयांश परत आले. बाकीचे तेथेंच राहिले, आणि त्यांच्या गांवच्या खतांवर सही करावयाला त्यांचे भाऊ व मुलगे उरले.

सर्वच परदेशीं गेले नाहींत. मुंबईची पहिली कापडाची गिरणी १८५४ सालीं उभी राहूं लागली आणि कोंकणी माणसाला जवळचा मार्ग सांपडला. १८८१ च्या खानेसुमारींत मुंबई शहरांत रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेलीं माणसें लाखावर भरलीं. खेड्यांतील म्हातारीच्या लेखीं मुंबई हाही परमुलूखच होता; जावयाचें तें गलबतानें किंवा आगबोटीनें. त्याच सुमारास, १८८० पासून, टपालखात्यानें मनीऑर्डर सुरू केली. या एका सुधारणेनें कोंकणच्या देण्याघेण्याचें स्वरूप पालटलें. पूर्वीं कमावता मनुष्य होळी-गणपतीला येई तेव्हांच पैसा येई. आतां पोस्टमन दरमहा दारांत येऊं लागला. सावकारालाही तो येण्याचा दिवस ठाऊक असे. घरच्या बाईच्या अंगठ्याचा ठसा पावतीवर उमटला, कीं अर्धी रक्कम त्याच दिवशीं दुसऱ्या पेटींत जाई.

कर्ज बुडवून कोंकणी मनुष्य पळाला, असें म्हणणाऱ्यांना माझें उत्तर हेंच आहे. फसवणारे सर्वत्र असतात, तसे येथेंही असतील. परंतु बहुतेकजण कर्ज टाकून गेले नाहींत. कर्ज फेडण्यासाठींच गेले. दाराशीं राहून जें फिटत नव्हतें, तें दूर जाऊन फिटेल या आशेनें ते गेले.

इंग्रजी अमदानींत कायद्यानें या व्यवहारांत तीन बदल केले. पहिला १८६६ चा. मुंबई सरकारनें हिंदु वारसांसाठीं कायदा करून ठरविलें कीं, मयताची जी मालमत्ता वारसाच्या हातीं आली असेल, तिच्यापुरतीच त्याची जबाबदारी राहील. बापाचें देणें मुलानें स्वतःच्या घामाच्या पैशांतून फेडावें, ही सक्ति येथें संपली. दुसरा बदल मुदतीच्या कायद्याचा. फिर्याद ठराविक वर्षांत केली पाहिजे. साध्या कर्जाला ती मुदत तीन वर्षांची. परंतु १८७७ च्या कायद्यांत, नंतर १९०८ च्या, आणि आज चालू असलेल्या १९६३ च्या कायद्यांतही असें कलम आहे कीं, प्रतिवादी देशाबाहेर असेल तो काळ या मुदतींत धरावयाचा नाहीं. समजा, कर्ज थकल्यावर एक वर्ष मनुष्य येथें राहिला, मग नऊ वर्षें परदेशीं राहून परत आला. दहा वर्षें झालीं म्हणून कर्ज मेलें, असें तो समजेल. परंतु कायद्याच्या लेखीं एकच वर्ष झालें आहे आणि घेणेकऱ्याला अजून दोन उरलीं आहेत. समुद्रावर कायद्याचें घड्याळ थांबतें. तिसरा बदल १९०८ च्या दिवाणी कार्यविधीचा : घेणेकऱ्यास चुकविण्याच्या हेतूनें प्रतिवादी देश सोडून जात आहे अशी कोर्टाची खात्री झाली, तर निकालापूर्वींच त्याला पकडून आणवून जामीन मागतां येतो.

आतां दुसऱ्या एका प्रकारच्या देण्याकडे वळूं. सर्वच देणीं सावकाराचीं नसतात. दापोली तालुक्यांतील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ सालीं तेथें सीनिअर रँग्लर झाले. इंग्रज अमलांत अशा मनुष्याला मोठ्या पगाराची कोणतीही जागा मिळाली असती. परंतु परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सभासद म्हणून काम करण्याचें वचन ते देऊन बसले होते. ते परत आले, आणि १९०२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून त्यांनीं बावीस वर्षें अल्प वेतनावर घालविलीं. तें देणें कोणत्याही कोर्टांत वसूल करतां आलें नसतें. तरी तें फिटलें.

दुसरें उदाहरण अधिक कठीण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे. १९१३ सालीं बडोदें संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति घेऊन ते न्यूयॉर्कला गेले. जातांना त्यांनीं करार लिहून दिला कीं, परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करीन. मुदत संपतांच लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते १९१७ सालीं परत आले आणि कराराप्रमाणें बडोद्यास हजर झाले. तेथें काय घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. अस्पृश्य म्हणून शहरांत त्यांना राहावयास कोणी जागा देईना. कचेरींतील शिपाईही कागद दुरून फेंकीत. नोकरी सोडून त्यांना मुंबईस परतावें लागलें. दहा वर्षांचा करार तसाच राहिला. आतां विचार करा, हें देणें कोणीं बुडविलें? देणेकरी दारांत उभा होता. समाजानेंच त्याला आंत येऊं दिलें नाहीं.

मुंबईस सिडनेहॅम महाविद्यालयांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य मिळालें, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पांच हजार रुपये कर्ज घेऊन १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. म्हणजे डोक्यावर कर्ज असतांनाच त्यांनीं समुद्र ओलांडला. मागें मुंबईंत रमाबाईंनीं काटकसरीनें संसार ओढला. १९२३ सालीं ते बॅरिस्टर होऊन परतले, आणि त्याच वर्षीं त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली. पुढें १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक त्यांनींच मांडलें. ज्या पद्धतीनें कोंकणचा कुळवाडी कर्जांत जन्मत होता, तिच्या मुळावरच त्यांनीं घाव घातला. तें विधेयक तेव्हां मंजूर झालें नाहीं. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ सालीं झाला.

खोती गेली, पण बाहेर जाणें गेलें नाहीं. १९७० नंतर आखाती देशांत तेलाचा पैसा वाढला, आणि रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोलीच्या बाजूचीं माणसें दुबई, कुवेत, सौदी अरबस्तानांत कामाला गेलीं. एजंटाचे पैसे भरण्यासाठीं पुष्कळांनीं बायकोचे दागिने गहाण टाकले. म्हणजे मॉरिशसच्या मजुराप्रमाणेंच कर्जाच्या पायरीवरून जहाजांत, नव्हे विमानांत, पाय ठेवला. आतां तर कर्जाचा प्रवास दोन्ही दिशांनीं होतो. संयुक्त अरब अमिरातींतील न्यायालयांनीं दिलेला पैशाचा हुकूमनामा जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर आपल्या जिल्हा न्यायालयांतून बजावतां येतो. तेथील बँकेचें देणें ठेवून घरीं परतलेल्यालाही समुद्र आतां आडोसा देत नाहीं.

आणि आतां आपल्यासारख्या मध्यम स्थितींतील सुशिक्षित घरांची गोष्ट. आज या घरांतून परदेशीं जातो तो उच्च शिक्षणासाठीं, आणि जातो तो बँकेचें कर्ज घेऊन. देशांतील बँकांच्या संघानें २००१ सालीं शैक्षणिक कर्जाची एक नमुना योजना आंखली. तिच्यांत लहान कर्जाला तारण नाहीं, मोठ्याला आहे. परंतु दोहोंतही आईबापांची सही सहकर्जदार म्हणून लागते. सहकर्जदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें अनेकांनीं मिळून वचन दिलें असेल, तर त्यांपैकीं कोणाही एकाकडून सर्व रक्कम मागतां येते. जामीनदाराची जबाबदारीही मूळ ऋणकोइतकीच असते. सरकारी निवृत्तिवेतनावर जप्ती येत नाहीं हें खरें. पण गहाण ठेवलेलें राहतें घर २००२ च्या कायद्यानें बँकेला दिवाणी दावा न लावतां ताब्यांत घेतां येतें.

येथें इतिहासाचें चाक उलटें फिरलेलें दिसेल. याज्ञवल्क्याच्या काळीं परदेशीं गेलेल्या बापाचें कर्ज मुलानें फेडावयाचें होतें. १८६६ सालीं ती जबाबदारी वारशापुरती राहिली. २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत जी सुधारणा झाली, तिनें त्यापुढील कर्जांच्या बाबतींत पितृऋणाचें हें धार्मिक बंधन कायद्यांतून अजीबात काढून टाकलें. मुलगा मोकळा झाला. आणि बरोबर त्याच काळांत, परदेशीं गेलेल्या मुलाचें कर्ज बापानें फेडावयाचें, असा नवा परिपाठ आपल्याच सह्यांनीं सुरू झाला. आईही त्यांत आली. ‘पतीच्या जोडीनें काढलेलें’ तें तिला द्यावें लागतें, हा जुना नियम नव्या कागदावर अवतरला. शास्त्रकारांनीं निदान वीस वर्षांची सवड दिली होती. बँक तीन हप्ते चुकले कीं खातें थकलेलें धरते.

मुलें वाईट असतात म्हणून हें घडतें असें मी म्हणत नाहीं. माझे कांहीं विद्यार्थी परदेशीं आहेत. त्यांतील बहुतेकांचे हप्ते वेळेवर येतात. पण नोकरी उशिरां लागते, परवाना मिळत नाहीं, रुपयाचा भाव घसरतो, लग्न होऊन तेथलें घर उभें राहतें. तेथलें घरभाडें थकलें तर दुसऱ्या दिवशीं कळतें. येथला हप्ता थकला तर तो बापाला आधीं कळतो, आणि बाप मुलाला चिंता नको म्हणून सांगत नाहीं. अबोल्यानें कर्ज कमी होत नाहीं. खेड्यांतील अंगठा उठविणाऱ्या बाईला निदान मनीऑर्डर किती आली आणि सावकाराला किती गेली हें ठाऊक असे. आमच्या शिकलेल्या घरांत मात्र ही गोष्ट बोलण्याची लाज वाटते.

म्हणून निघण्याच्या आधीं कांहीं साधीं कामें करावींत. कर्जाचा कागद घरांतील सर्वांनीं एकत्र बसून वाचावा. कोणाची सही कोणत्या नात्यानें आहे हें पाहावें. हप्ता जाणाऱ्याच्या कमाईंतून कधींपासून जाईल, आणि तोंपर्यंत व्याज कोण भरील, हें लिहून ठेवावें. अडचण आली तर हप्ता चुकण्याच्या आधींच बँकेस पत्र लिहावें. मुदत वाढवून मागणाऱ्याला ती मिळूं शकते, गप्प बसणाऱ्याला मिळत नाहीं. आणि एकुलतें राहतें घर तारण ठेवण्यापूर्वीं, तें घर गेलें तर आपण कोठें राहूं, या प्रश्नाचें उत्तर आईबापांनीं स्वतःला द्यावें.

जाणाऱ्याला थांबवूं नये. कोंकण बाहेर गेला म्हणूनच जगला. परंतु जो जातो त्याचें देणें त्याच्याबरोबर जहाजांत बसत नाहीं. तें येथें राहतें, आणि कोणाच्या तरी हातीं राहतें. तो हात कोणाचा, हें जाणाऱ्यानें निघतांनाच पाहून घ्यावें, एवढेंच मला सांगावयाचें होतें.